साठच्या दशकातल्या जर्मन हार्पसिकॉर्डवर बाख वाजवावा का, आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात आठव्या ग्रेडपर्यंत पियानो शिकलात, आता नोकरीसाठी जर्मनीत आहात. तिथल्या एका चर्चच्या सभागृहात बरीच वर्षं पडून असलेला, 1960च्या दशकात कारखान्यात बनलेला, दोन कीबोर्डांचा आणि पाच पेडलांचा हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं, नखीने तार छेडणारं वाद्य) जवळजवळ फुकट मिळतो आहे. एका जाणकाराने मात्र बजावलं की असल्या वाद्यावर बरोक संगीत (साधारण 1600 ते 1750चं युरोपीय संगीत, बाखही त्यातलाच) वाजवलं तर हाताला चुकीच्या सवयी लागतील, त्यापेक्षा पियानोवरच वाजवा. घ्यावा की नाही, घेतला तर काय वाजवावं आणि कसं, हे तुम्हाला हवं आहे.

घ्या. पियानोवर राहण्याचा सल्ला मला पटत नाही. नखीने तार छेडली जाते आणि बोट कितीही जोरात मारलं तरी आवाज फारसा बदलत नाही, ही या संगीताची मूळ अट आहे. ती अट या वाद्यावरही शंभर टक्के लागू आहे. जाणकाराचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही. या वाद्यांत काही गोष्टी खरोखर वेगळ्या आहेत आणि त्या समजून न घेता वाजवलं तर वाईट सवयी लागतात. सगळ्यात वाईट सवय पायाची आहे. बोटांनी करायचं काम पेडलवर ढकललं की बाख कोरडा आणि भपकेबाज ऐकू येतो. माझ्या साऱ्या उत्तराचा रोख तिकडेच आहे.

आधी हे वाद्य असं का झालं ते पाहू, कारण त्यावरून वाजवण्याचे निर्णय घ्यायचे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस हार्पसिकॉर्ड मागे पडला. 1889च्या पॅरिस प्रदर्शनात प्लेयेल आणि एरार या पियानो बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि लुई तोमासिनी या कारागिराने नवे हार्पसिकॉर्ड मांडले, तिथून त्याचं पुनरागमन सुरू झालं. पुढे हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोव्स्काच्या आग्रहावरून प्लेयेलने मोठं मैफिलीचं वाद्य तयार केलं. 1912 साली ब्रेस्लाउच्या बाख महोत्सवात ते लोकांसमोर आलं. त्यात एक सप्तक खाली बोलणारी सोळा फुटी तारांची रांग होती आणि रजिस्टर, म्हणजे कोणत्या रांगा वाजतील ते, बदलायला पेडल होते. ही माणसं पियानोच्या कारखान्यातली होती. जाड तार, जास्त ताण, तो ताण पेलणारा जड सांगाडा, पियानोसारखी रुंद आणि खोल जाणारी पट्टी, हे सगळं त्यांना स्वाभाविक वाटलं.

जर्मनीत बाम्बर्गच्या नॉयपर्टसारख्या कारखान्यांनी आपली वेगळी वाट धरली. बर्लिनच्या वाद्यसंग्रहालयातला एक जुना हार्पसिकॉर्ड खुद्द बाखचा आहे असं तेव्हा मानलं जाई. त्यात खालच्या कीबोर्डवर सोळा फुटी आणि आठ फुटी, वरच्यावर आठ फुटी आणि चार फुटी अशी मांडणी होती (आठ फुटी म्हणजे लिहिलेल्या उंचीची रांग, चार फुटी एक सप्तक वरची). तीच ‘बाख मांडणी’ म्हणून शेकडो वाद्यांत उतरली. ते वाद्य बाखचं होतं याला ठोस पुरावा नाही आणि त्यात नंतर फेरफारही झाले होते. पण तोवर कारखान्यांचे साचे पक्के झाले होते. सोळा फुटी रांग अगदीच कपोलकल्पित नव्हती. हाम्बुर्गच्या हास घराण्याने 1734 आणि 1740 साली अशी वाद्यं बनवली आणि ती आजही आहेत. पण ती अपवादात्मक होती. बाखच्या काळात ज्याच्या घरी हार्पसिकॉर्ड असे, त्याच्याकडे बहुधा दोन आठ फुटी आणि फार तर एक चार फुटी रांग असे. 1949 साली बॉस्टनमध्ये हबर्ड आणि डाउड यांनी जुन्या वाद्यांच्या मापाने हलकी वाद्यं बनवायला सुरुवात केली, ब्रेमेनला स्कोव्रोनेक त्याच वाटेने गेले, आणि विसेक वर्षांत कारखान्याची वाद्यं कोपऱ्यात गेली. तुमचं वाद्य त्या कोपऱ्यातलं आहे.

आता कानाला काय फरक पडतो? जुन्या पद्धतीच्या हार्पसिकॉर्डची पेटी पातळ लाकडाची आणि खालून बंद असते, साउंडबोर्ड (तारांचा आवाज फुलवणारी फळी) पातळ असतो. स्वर सुटताना स्पष्ट ‘ट’ ऐकू येतो, लगेच फुलतो आणि मग ओसरतो. तुमच्या वाद्याची पेटी जड आणि खालून उघडी असेल, साउंडबोर्ड जाड, नख्या बहुधा चामड्याच्या. त्यामुळे स्वराची सुरुवात बोथट, अंगात भरदारपणा कमी, पण शेपूट लांब. म्हणजे जुन्या वाद्यावर जी व्यंजनं वाद्य स्वतः उच्चारतं, ती इथे तुम्हाला घडवावी लागतात. आणि ती घडवण्याचं साधन एकच आहे, स्वर कधी सोडता ते.

वाजवण्याआधी वाद्य लावून घ्या. बहुतेक लोक या वाद्यांना नावं ठेवतात तेव्हा ते खरं तर वर्षानुवर्षं दुर्लक्षित, कडक झालेल्या चामड्याचं आणि दगड झालेल्या डॅम्परचं (पट्टी सोडल्यावर तार थांबवणाऱ्या नमद्याचं) वाद्य ऐकत असतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी कानाने काढतो, तशी इथे प्रत्येक नखी कानाने छाटायची असते. एक नखी जास्त बाहेर आली की तो स्वर इतरांवर ओरडतो, कमी पडली की गिळला जातो. तुमच्या जॅकवर (पट्टीच्या टोकावर उभ्या, नखी धरणाऱ्या काडीवर) वर आणि खाली बारीक स्क्रू असतील. साधारणपणे वरच्याने नखी तारेखाली किती जाते ते ठरतं आणि खालच्याने जॅकची उंची, म्हणजे तार कोणत्या क्षणी छेडली जाईल ते. पण कारखान्यागणिक फरक असतो, म्हणून आधी एकाच जॅकवर खात्री करा. पट्टी साधारण निम्म्या वाटेवर असताना तार सुटायला हवी. दोन-तीन रांगा एकत्र लावल्या तर त्या एका क्षणी सुटू नयेत, किंचित मागेपुढे सुटाव्यात. नाहीतर पट्टी दगडासारखी जड लागते. सगळी वाद्यपेटी एकदम हातात घेऊ नका. वरच्या कीबोर्डची आठ फुटी रांग आधी मनासारखी करा. एक रांग उत्तम लागली तर तुमचं निम्म्याहून अधिक काम झालं.

चामडं काढून सगळीकडे डेलरिन (एक कडक प्लास्टिक) बसवा असा सल्ला मिळेल. घाई करू नका. ताणलेल्या जाड तारांवर डेलरिन कधी कधी फार कर्कश वाजतं आणि जॅकची खाचही त्याच्या जाडीची नसते. मधल्या सप्तकातल्या चार-पाच जॅकांवर बसवून पाहा, आठवडाभर ऐका. आणि चामडं म्हणजे विसाव्या शतकाचं पाप असंही नाही. वाद्य बनवणाऱ्या पास्काल तास्कँने 1760च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मऊ चामड्याच्या नख्यांची एक रांग आणली होती आणि ती लोकांना आवडली होती. मात्र ती इतर रांगांच्या जोडीला होती, त्यांच्याऐवजी नव्हती.

आता वाजवणं. पहिले काही महिने पाय पेडलवर ठेवूच नका. वरची आठ फुटी रांग एकटी चालू ठेवा, बाकी सगळं बंद. पियानोवरून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो असा, की महत्त्वाचा स्वर मोठा करता येत नाही. फ्रेंच संगीतकार फ्राँस्वा कुपराँने 1716 साली वादनावरच्या आपल्या पुस्तकात हीच अडचण मांडली आणि तिच्यावर दोन उपाय दिले. एक, स्वर थोडा आधी तोडायचा. दुसरा, स्वराला किंचित उशीर करायचा. उशिरा आलेला स्वर कानाला मोठा वाटतो, कारण आपण त्याची वाट पाहिलेली असते. आधीचा स्वर लवकर सोडला की पुढच्याभोवती मोकळी जागा होते आणि तो उठून दिसतो. हार्पसिकॉर्डवरचा सगळा भाव या दोन गोष्टींत आहे. मी हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

बाखची पहिली, सी मेजरमधली इन्व्हेन्शन (दोन ओळींची छोटी रचना) घ्या. विषय एका छोट्या विश्रांतीने सुरू होतो, मग सोळांश (झटपट) स्वरांची ओळ, मग अष्टमांश (त्यांच्या दुप्पट लांब) स्वर. सोळांश जवळजवळ जोडून वाजवा, अष्टमांश सुटे, आणि जोराच्या मात्रेआधी पातळशी शांतता सोडा. डेलरिनच्या हलक्या वाद्यावर ही शांतता केसाएवढी पुरते. तुमच्या चामड्याच्या वाद्यावर ती जास्त लागेल, कारण शेपूट लांब आणि डॅम्पर जाड. आपण वाजवलेलं ध्वनिमुद्रित करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐका. बाकावर बसून जे फार तुटक वाटतं ते तिथून बहुतेक वेळा नेमकं ऐकू येतं.

याच्या उलट जागाही आहेत. ‘वेल-टेंपर्ड क्लाव्हियर’च्या पहिल्या भागातला (1722) सी मेजर प्रील्यूड सुट्या स्वरांत लिहिलेला दिसतो, पण तो सुरांचा थर आहे (सूर म्हणजे इथे कॉर्ड, एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ). डाव्या हाताचे दोन स्वर लिहिल्याप्रमाणे धरायचेच, उजव्या हाताचे तीनही पुढचा सूर येईपर्यंत थोडे थोडे धरता येतात. जुन्या वाद्यावर मी हे सढळ हाताने करते. तुमच्यासारख्या वाद्यावर मात्र मी शेवटचे एक-दोन स्वरच धरीन, नाहीतर वाद्याचं लांब शेपूट आणि धरलेले स्वर मिळून चिखल होतो. सोळा फुटी रांग चालू असेल तर बिलकूल नाही.

बोटांबद्दल. पट्टीवर मारू नका. बोट पट्टीवर टेकलेलं ठेवा, नखी तारेला टेकते तो अडथळा हाताला जाणवू द्या आणि मग तिथून पुढे जा. पियानोत हाताचं वजन उपयोगी पडतं, इथे त्याचा काही फायदा नाही, उलट सुरांचा आवाज ‘थप्प’ होतो. चार-पाच स्वरांचा सूर कधीच सपाट वाजवू नका. खालून वर, कधी झपकन तर कधी सावकाश उलगडा. हे उलगडणं म्हणजे तुमचा आवाजाचा चढ-उतार आहे: सावकाश उलगडलेला सूर मृदू, झपकन वाजलेला ठाम. इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्दीने 1615च्या टोकाटांच्या (मोकळ्या शैलीच्या कीबोर्ड रचनांच्या) प्रस्तावनेत सांगितलं होतं की सुरुवात सावकाश आणि सूर उलगडून करा, आणि वाद्य रिकामं पडू नये म्हणून धरलेले सूर हवे तर पुन्हा वाजवा. लांब शेपटाच्या वाद्यावर पुन्हा वाजवण्याची गरज कमी पडते, उलगडण्याची मात्र तेवढीच.

जुनी बोटं शिकावीत का? बाखने 1720 साली थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, सुरू केलेल्या वहीत एका छोट्या तुकड्यावर बोटांचे आकडे दिले आहेत. उजवा हात वर जाताना तिसरं-चौथं, तिसरं-चौथं असा चालतो. ते नक्की वाजवून पाहा, कारण त्याने स्वर आपोआप जोडीजोडीने बोलू लागतात. पण जुन्या फ्रेंच वाद्यात सप्तकाची रुंदी सुमारे 159 मिलिमीटर असे, तुमच्या वाद्यात पियानोसारखी 165च्या आसपास असेल आणि पट्टीही खोल जाईल. त्यावर हट्टाने जुनी बोटं लावली तर मनगट दुखेल. जोडीचा उच्चार कानात ठेवा आणि अंगठा खालून घेऊन तोच उच्चार काढा.

आता पेडलकडे येऊ. ते मोहात पाडतात कारण ते सोपे आहेत. फ्यूगमध्ये (एकच विषय एकामागून एक ओळींत, म्हणजे ‘आवाजां’त, येतो अशा रचनेत) विषय आला की रजिस्टर वाढवायचं, प्रसंग शांत झाला की काढायचं, असं त्या पिढीतले मोठमोठे वादक करत. पण फ्यूगमध्ये विषय आत येतो तेव्हा बाकीचे आवाज चालूच असतात. पेडल दाबला की त्यांचाही रंग वाक्याच्या मधोमध बदलतो. बाखने जिथे रंग बदलायला हवा होता तिथे तो स्वतः लिहून ठेवला आहे. 1735 साली छापलेल्या ‘इटालियन कॉन्चेर्टो’त आणि फ्रेंच ओव्हर्चरमध्ये फोर्ते (मोठ्याने) आणि पियानो (हळू) या खुणा आहेत आणि त्यांचा अर्थ दोन कीबोर्ड असा आहे. 1741च्या ‘गोल्डबर्ग’मध्ये प्रत्येक व्हेरिएशन एका कीबोर्डवर की दोन, हे वर लिहिलेलं आहे.

‘इटालियन कॉन्चेर्टो’ तुमच्या वाद्यावर वाजवायला बसाल तेव्हा एक अडचण लगेच समोर येईल, आणि ती कोणी आधी सांगत नाही. जुन्या वाद्यांत चार फुटी रांग सहसा खालच्या कीबोर्डवर असते. खाली दोन आठ फुटी आणि चार फुटी एकत्र लावायच्या, तो फोर्ते. वरची आठ फुटी एकटी, तो पियानो. हात वर-खाली गेला की काम झालं. तुमच्या ‘बाख मांडणी’त चार फुटी वरच्या कीबोर्डवर आहे. ती चालू ठेवली तर तुमचा पियानो आठ आणि चार असा चकचकीत होतो. बंद ठेवली तर फोर्तेत ती मिळत नाही. म्हणून लोक दरवेळी पेडल मारतात किंवा फोर्तेसाठी सोळा फुटी ओढतात. दोन्ही टाळा. चार फुटीचा नाद सोडा. खाली कपलर (खालच्या कीबोर्डने वरचाही वाजवणारी जोडणी) लावून दोन आठ फुटी, वर एक आठ फुटी, एवढ्यावर तिन्ही भाग वाजवा. फरक कमी वाटेल, पण बाखने फोर्तेच्या जागी सूरच जाड लिहिले आहेत, बाकीचं काम ते करतात. मधल्या भागात उजव्या हाताची लांब वेलबुट्टीची ओळ एका कीबोर्डवर, डाव्या हाताचे सूर दुसऱ्यावर. दोन रांगांपैकी जी जास्त गाते ती उजव्या हाताला द्या, मग ती वरची असो की खालची.

सोळा फुटीबद्दल माझं मत कडक आहे: फ्यूगमध्ये कधीच नाही. आवाज गढूळ होतात आणि मधली ओळ कळेनाशी होते. एक उपयोग मात्र सांगते. सोळा फुटी एकटी चालू करून सगळं एक सप्तक वर वाजवलं, तर खऱ्या उंचीवर एक तिसरा, सावळा आठ फुटी आवाज मिळतो. छोट्या, संथ तुकड्यांना तो छान शोभतो, पट्ट्या पुरल्या तर. ल्यूट स्टॉप (तारांचा आवाज दबका करणारी सोय) साथीला ठीक, पण प्रत्येक पुनरावृत्तीत लावू नका. पुनरावृत्तीत अलंकार बदला.

काय वाजवावं? बाखच्या इन्व्हेन्शन, सिन्फोनिया, फ्रेंच सुईट, ‘वेल-टेंपर्ड क्लाव्हियर’ हे सगळं या वाद्यावर नीट उभं राहतं, कारण त्याचं सौंदर्य ओळींच्या गुंफणीत आहे. हेंडेलच्या 1720च्या सुईटही चांगल्या वाजतात. स्कार्लात्तीच्या 555 सोनाटांपैकी के. 208सारख्या संथ, गाणाऱ्या सोनाटा घ्या (के. म्हणजे सूचीतला क्रमांक). के. 141चे झपाट्याने पुन्हा पुन्हा येणारे स्वर जड जॅकवर अडकतील, त्यात तुमचा दोष नसेल. सगळ्यात अवघड पडेल ते फ्रेंच संगीत. कुपराँचा ‘ले बारिकाद मिस्तेरियोझ’ (1717) पूर्ण खालच्या-मधल्या स्वरांच्या टप्प्यात, धरलेल्या स्वरांवर जगतो. जुन्या फ्रेंच वाद्यात तो टप्पा सर्वांत श्रीमंत असतो, कारखान्याच्या वाद्यात नेमका तोच बहुधा सर्वांत गरीब. वाजवाच, पण धरणं कमी करा आणि लय जरा हलकी ठेवा. फ्रोबर्गर आणि लुई कुपराँ या आधीच्या पिढीतल्या संगीतकारांचं मोकळ्या लयीचं संगीत नंतर कधीतरी जुन्या मापाच्या वाद्यावर ऐका, मग परत या.

आणि एक संगीत असं आहे जे तुमच्या वाद्याच्या पिढीचं स्वतःचं आहे. फायाचा 1926चा कॉन्चेर्टो आणि पूलँकचा 1929 साली पहिल्यांदा वाजलेला ‘काँसेर शाँपेत्र’ लांडोव्स्कासाठी आणि तिच्या प्लेयेलसाठी लिहिले गेले. तिथे पेडल, सोळा फुटी, झगमगते रंग हे सगळं हक्काचं आहे.

लांडोव्स्काचं 1933चं ‘गोल्डबर्ग’ मुद्रण अवश्य ऐका, आणि झुझाना रुझिच्कोवाने 1965पासून दहा वर्षांत केलेलं बाखच्या कीबोर्ड संगीताचं मुद्रणही. रजिस्टरकडे लक्ष देऊ नका. त्यांची लय ऐका. स्वर नेमका कुठे येतो आणि कधी सुटतो याची इतकी जाण असलेली माणसं कोणत्याही वाद्यावर क्वचित भेटतात.

सुरात लावायला स्वतः शिका. दर आठवड्याला माणूस बोलावणं परवडणार नाही. ए स्वर 440 हर्ट्झवरच ठेवा. 415वर उतरवलं तर या जाड तारा ढिल्या पडून आवाज मरतो. समान विभागणी (सप्तकाचे बारा सारखे भाग) सोडून वालोत्ती ही जुनी लावणी वापरून पाहा: एफपासून बीपर्यंतचे सहा पंचम कॉमाच्या (स्वरांतल्या एका बारीक फरकाच्या) सहाव्या भागाने आखूड, उरलेले सहा शुद्ध. षड्ज-पंचम ऐकायची सवय असलेल्या कानाला ते शुद्ध पंचम लगेच सापडतात, आणि सी मेजर व एफ शार्प मेजर यांचा स्वभाव वेगळा का, हे पुस्तकाविना कळतं.

तुम्ही हेही विचारलं आहे की पुढे वाद्य पुण्याला नेता येईल का. नेऊ नका. मार्च ते मे कोरडा उन्हाळा आणि लगेच पावसाळा, या उलथापालथीत साउंडबोर्डला तडे जातात, जॅक फुगून अडकतात, चामड्यावर बुरशी येते आणि तारा गंजतात. जर्मनीतही हिवाळ्यात हीटरच्या जवळ ठेवू नका, खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत राहील असं बघा.

चर्चला होकार कळवण्याआधी ट्यूनिंग की घेऊन जा. चार-पाच खुंट्या फिरवून पाहा. सैल फिरल्या, सूर धरला नाही, तर वाद्य सोडून द्या, ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. साउंडबोर्डच्या बारीक फटी चालतात, पुलाजवळ (तारांखालच्या घोडीजवळ) उठलेलं लाकूड चालत नाही. जॅक प्लास्टिकचे असतील तर एक-दोन बाहेर काढून त्यांची जीभ (नखी धरणारा हलता तुकडा) हलक्या हाताने वाकवा, जुनं प्लास्टिक कधी कधी बिस्किटासारखं तुटतं. आणि जॅक मोजा: पाच सप्तकांच्या 61 पट्ट्या आणि चार रांगा असतील तर 244 हवेत. दोन-चार कमी असले तर सोळा फुटी रांगेतले काढून तिथे बसतात का ते बघा. त्या रांगेत भोकं राहिली तरी तुमचं काही अडणार नाही.